कुत्र्याचा आहार : घरचे अन्न, नैसर्गिक अन्न आणि परिपूर्ण अन्न

संत नामदेवांपुढील पोळी एका कुत्र्याने पळविली आणि त्याने ती कोरडीच खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. सर्वांभूती ईश्वर पाहावा, हे तिचे तात्पर्य. आज शहरातील घरांमधून राहणाऱ्या कुत्र्याला तुपाची पोळी पळवून खावी लागत नाही; ती त्याला बोलावून, गोंजारून, घरातल्या प्रत्येकाच्या हातून स्वतंत्रपणे मिळते. आणि पशुवैद्यकांच्या दवाखान्यात दिसणाऱ्या अनेक तक्रारींचे मूळ नेमके याच प्रेमळ पंक्तीत सापडते.

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये आहाराविषयी साधारणतः तीन मते आढळतात. पहिले मत, घरात जे शिजते तेच कुत्र्याला द्यावे. आपले पूर्वज हेच करीत आले. दुसरे, बाजारात मिळणारे तयार खाद्य शास्त्रीय असते, म्हणून तेच बरे. तिसरे मत गेल्या काही वर्षांत रुजले आहे. कुत्रा हा मूळचा लांडगा, तेव्हा त्याला कच्चे मांस व हाडे असा ‘नैसर्गिक’ आहार द्यावा आणि धान्य वर्ज्य करावे, असे ते सांगते. या तिन्ही मतांत थोडे तथ्य आहे. परंतु अन्न घरचे आहे, नैसर्गिक आहे की कारखान्यातले आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. कुत्र्याच्या शरीराला लागणारा प्रत्येक घटक त्या अन्नातून योग्य प्रमाणात मिळतो का, हा खरा प्रश्न आहे.

लांडग्यापासून कुत्र्यापर्यंत

कुत्रा लांडग्यापासून उत्पन्न झाला हे खरे आहे. तथापि, माणसाच्या सहवासात त्याला किमान चौदा-पंधरा हजार वर्षे झाली आहेत आणि या काळात त्याचे पोटही बदलले आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांडगे व कुत्रे यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचविणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यांत मात्र त्या ४ पासून ३० पर्यंत होत्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीभोवती धान्याचे उष्टे-खरकटे पडू लागले आणि ते पचवू शकणारी जनावरे तगली, असा याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे शिजवलेला भात किंवा भाकरी कुत्र्याला ‘अनैसर्गिक’ आहे, या म्हणण्याला फारसा आधार उरत नाही.

असे असले तरी कुत्रा म्हणजे चार पायांचा माणूस नव्हे. त्याच्या लाळेत पिष्ट पचविणारे विकर नसते; ते काम मुख्यतः स्वादुपिंडातून येणाऱ्या स्रावावर चालते. म्हणून कच्चे वा अर्धवट शिजलेले धान्य त्याला मानवत नाही. माणसाला ‘क’ जीवनसत्त्व अन्नातून घ्यावे लागते, कुत्र्याचे यकृत ते स्वतःच तयार करते. उलट माणसाच्या त्वचेत सूर्यप्रकाशाने ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, तसे कुत्र्याच्या त्वचेत पुरेशा प्रमाणात होत नाही. गॅलरीतल्या उन्हात कुत्रा तासन्‌तास पडून राहिला तरी त्याला ‘ड’ जीवनसत्त्व अन्नातूनच मिळावे लागते. प्रथिने व कॅल्शियम यांची त्याची गरजही, वजनाच्या प्रमाणात पाहिल्यास, माणसापेक्षा बरीच अधिक असते. आपल्या ताटातले अन्न आपल्याला पुरते म्हणून त्यालाही पुरेल, असा निष्कर्ष यामुळेच चुकीचा ठरतो.

इतिहासाचे दोन धडे

केवळ साध्या, ताज्या, नैसर्गिक अन्नाने आरोग्य टिकते का, याचे उत्तर विज्ञानाला योगायोगाने कुत्र्यांकडूनच मिळाले. मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकविणाऱ्या मुडदूस या रोगाचे कारण शोधताना एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. ओटची लापशी, पाव, दूध अशा वरकरणी निर्दोष आहारावर वाढविलेल्या पिलांना मुडदूस झाला. आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर तो टळला. या कामातूनच पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागण्यास मदत झाली.

दुसरा धडा अमेरिकेतला. मक्याच्या पिठावर आधारलेल्या आहारावर जगणाऱ्या दक्षिणेकडील गरीब कुटुंबांत पेलाग्रा हा रोग पसरला होता. तशाच आहारावरील कुत्र्यांची जीभ काळी पडून ती दगावत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी या दोन रोगांतील साम्य ओळखले आणि १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेहेम यांनी यकृताच्या अर्कातून मिळविलेल्या निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांची काळी जीभ बरी होते, हे दाखवून दिले. मका काय किंवा ओट काय, दोन्ही नैसर्गिकच होते. विष कशातच नव्हते. जे नव्हते त्यानेच रोग झाला. कुत्र्याच्या आहाराचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

दूध-पोळी आणि वरण-भात

मराठी घरातील कुत्र्याचा परंपरेने ठरलेला आहार म्हणजे दूध-पोळी, दही-भात, वरण-भात किंवा भाकरीचा काला. खेड्यातील कुत्रा भाकरीवर जगतो, असे उदाहरण यावेळी हमखास दिले जाते. परंतु तो कुत्रा दिवसभर मोकळा हिंडतो आणि उंदीर-घुशी, अंडी, मेलेली जनावरे, उकिरड्यावरचे मांसाचे अवशेष यांतून आपली उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. शिवाय त्यांतील किती पिले वर्षाच्या आत दगावतात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याला मात्र वाटीत पडेल तेवढेच जग उपलब्ध असते.

दूध-पोळीतून ऊर्जा भरपूर मिळते. प्रथिने, लोह, जस्त, तांबे व अत्यावश्यक स्निग्धाम्ले कमी पडतात. पिलू आईच्या दुधापासून तुटल्यावर दुधातील शर्करा पचविण्याची त्याची क्षमताही घटत जाते. त्यामुळे अनेक कुत्र्यांना दुधाने पातळ शौच होते. त्यांना दही किंवा पातळ ताक अधिक मानवते. वरण-भातात डाळीची प्रथिने असतात, पण ती एकटी पुरत नाहीत. केस रुक्ष होणे, अवेळी गळणे, त्वचा कोरडी पडणे, खेळण्याचा उत्साह मंदावणे या तक्रारींमागे पुष्कळदा हे अपुरे पोषण असते. अर्थात याच लक्षणांमागे गोचिड्या, जंत वा अन्य आजारही असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये.

शाकाहारी घरांतून नेहमी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, मांसाशिवाय कुत्रा निरोगी राहील का? मांजर राहू शकत नाही. कुत्रा राहू शकतो. मात्र त्यासाठी मांसाहारी आहारापेक्षा अधिक काटेकोरपणा लागतो. अंडी, पनीर, दही, सोयाबीन व डाळी यांचा मेळ घालून आणि ब-१२, ‘ड’ जीवनसत्त्व, जस्त, आयोडिन यांची जोड देऊन असा आहार बसविता येतो. तो पशुवैद्यकाकडून आखून घ्यावा. अंदाजपंचे करण्याची ही गोष्ट नव्हे.

हाडांचा हिशेब

दूध-पोळीच्या विरुद्ध टोकाला ‘आमच्याकडे रोज चिकन असते’ असे सांगणारे मालक असतात. त्यांच्या पिलाचे पुढचे पाय वाकडे झालेले असतात, पंजे पसरलेले असतात आणि ते उडी मारताना कळवळते. मालकांना आश्चर्य वाटते. कारण खर्चात त्यांनी कसूर केलेली नसते.

येथे कॅल्शियम व फॉस्फरस यांचे गणित समजून घ्यावे लागते. कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम हे फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे लागते. हाडाविना १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम असते. यकृत म्हणजे कलेजीत हे प्रमाण आणखी विषम असते. रक्तातील कॅल्शियम घटू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते. वाढत्या वयात हे घडले तर हाडे पोकळ होऊन किरकोळ धक्क्यानेही मोडतात. रानातला लांडगा केवळ मांस खात नाही. शिकारीची हाडे, आतडी, यकृत सारेच खातो. आपण मात्र हाडे वेगळी काढून त्याला मांस तेवढे देतो.

मग नाचणी वा दूध देऊन भागेल का? १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे धरू. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे त्याला सव्वादोनशे ग्रॅमहून अधिक नाचणी खावी लागेल आणि तेवढ्यातच त्याची दिवसभराच्या ऊर्जेची गरज ओलांडली जाईल. शिवाय धान्यातील फायटेटमुळे त्यातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही. दुधातून एवढे कॅल्शियम मिळविण्यास ६५० मिलिलिटरहून अधिक दूध लागेल. त्यामानाने अंड्याचे कवच सोपे पडते. स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून त्याची मैद्यासारखी बारीक पूड केली तर एका सपाट चहाच्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. वरील कुत्र्याला दिवसाला अर्धा चमचा पुरतो.

परंतु कॅल्शियम चांगले म्हणून ते वाढवीत नेणेही धोक्याचे. मोठ्या जातींच्या पिलांना अतिरिक्त कॅल्शियम शोषणे थांबविता येत नाही. हॉलंडमधील उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिलांवर झालेल्या अभ्यासात अति कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते, असे दिसून आले. म्हणून पिलाला परिपूर्ण तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजण्याची आपल्याकडील सवय सोडून दिली पाहिजे.

कच्च्या मांसाचा आग्रह

ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली लिहिलेल्या पुस्तकानंतर कच्चे मांस व मांसल हाडे यांच्या आहाराचा बोलबाला झाला. या आहारावरील कुत्र्यांचे केस चमकदार होतात, शौच घट्ट व कमी होते, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. स्निग्धांश अधिक व तंतुमय भाग कमी असल्याने असे फरक दिसणे स्वाभाविक आहे. पण मांस शिजवून दिल्यानेही त्यातील प्रथिने कुत्र्याला उत्तम पचतात.

कच्च्या मांसातून साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जिवाणू घरात येतात. कुत्रा स्वतः आजारी न दिसताही ते शौचातून बाहेर टाकतो आणि त्याच तोंडाने घरातल्या लहान मुलांना चाटतो. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ साली कच्चा मांसाहार देऊ नये, अशी भूमिका घेतली ती याच कारणासाठी. आपल्याकडील उष्ण हवा, मांस उघड्यावर विकण्याची पद्धत आणि दुकानापासून घरापर्यंतचा शीतकरणाचा अभाव पाहता हा सावधगिरीचा इशारा येथे अधिकच लागू पडतो. शिजविलेली हाडे तर मुळीच देऊ नयेत. ती ठिसूळ होऊन त्यांच्या धारदार कपच्या उडतात आणि घसा वा आतडे फाडू शकतात. जेवणानंतर ताटातली कोंबडीची हाडे कुत्र्यापुढे सारणे, हा रिवाज म्हणूनच बंद व्हावा. कच्ची हाडे कमी फुटतात. तरी दात मोडणे व आतड्यात अडकणे हे धोके त्यांतही आहेतच.

अंड्याचेही तसेच. कच्च्या पांढऱ्या बलकातील एव्हिडिन हे द्रव्य बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. अंडे उकडले की हा दोष जातो. उकडलेले अंडे हे कुत्र्यासाठी उत्तम प्रथिनांपैकी एक आहे.

तयार खाद्याची बाजू

कुत्र्यासाठी तयार खाद्य विकण्याची कल्पना १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने गव्हाचे पीठ, भाज्या व मांस यांची बिस्किटे काढून रूढ केली, असे मानले जाते. आज पाकिटावर ‘परिपूर्ण व संतुलित’ असा उल्लेख असलेले आणि कुत्र्याच्या वयोगटाचा निर्देश असलेले खाद्य त्या वयाच्या गरजा भागविण्याच्या हिशेबाने बनविलेले असते. ‘पूरक खाद्य’ किंवा ‘खाऊ’ म्हणून विकले जाणारे पदार्थ रोजचे जेवण होऊ शकत नाहीत. पाकिटावर पुढच्या बाजूला छापलेल्या मांसाच्या चित्रापेक्षा मागच्या बाजूचा हा बारीक मजकूर अधिक महत्त्वाचा आहे.

तयार खाद्यही सर्वस्वी निर्धोक असते असे नाही. २००७ साली अमेरिकेत अनेक नाममुद्रांची खाद्ये बाजारातून परत घ्यावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचे प्रमाण फुगवून दाखविण्यासाठी मेलामाइन मिसळले होते आणि त्यामुळे कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. ‘धान्यविरहित’ खाद्यांचे उदाहरणही बोलके आहे. ती अधिक नैसर्गिक म्हणून खपू लागली; परंतु २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणे, मसूर, बटाटे भरपूर असलेली खाद्ये आणि कुत्र्यांच्या हृदयाचा स्नायू प्रसरण पावण्याचा आजार यांचा संबंध असावा, अशी शंका जाहीर केली. कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. पण धान्य काढून टाकले म्हणजे अन्न आपोआप आरोग्यदायी होते, हा समज मात्र त्यामुळे डळमळीत झाला.

खाज सुटली की धान्य बंद करण्याचा सल्लाही असाच घाईचा. अन्नाची खरी ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ व चिकन यांची नावे गव्हापेक्षा अधिक वेळा आढळतात. शिवाय बहुतेक खाजेचे कारण अन्न नसून पिसवा वा धूळ असते. ॲलर्जी ओळखण्यासाठी सुमारे आठ आठवडे पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनांचाच आहार देऊन पाहणे, हाच विश्वासार्ह मार्ग आहे.

दोन वर्षांचे मोल

आहारातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष म्हणजे अतिरेक. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या, एकाच वेतातील जोड्या लावून, त्यांना जन्मभर पाहण्यात आले. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. अन्न तेच होते, केवळ मोजून दिलेले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांधेदुखीसारखे जुनाट आजारही सडपातळ कुत्र्यांत सुमारे दोन वर्षे उशिरा आले. कोणतेही टॉनिक वा महागडे खाद्य कुत्र्याला जवळजवळ दोन वर्षे अधिक देत असल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. भांड्यातल्या मापाने ते दिले.

आपल्या शहरांतून लॅब्रॅडॉर फार लोकप्रिय आहे आणि त्याची भूकही प्रसिद्ध आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना २०१६ साली या जातीच्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत भुकेचे नियंत्रण करणाऱ्या एका जनुकात दोष आढळला. असा कुत्रा जेवून उठताच पुन्हा याचना करतो. त्याच्या डोळ्यांतील भाव खरा असतो. त्याचे पोट मात्र भरलेले असते.

साधारण हिशेब असा. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या, बेताचा व्यायाम असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात; ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला सुमारे १४००. तूप लावलेली एक पोळी १०० ते १२० किलोकॅलरींची असते. जेवणाव्यतिरिक्त दिल्या जाणाऱ्या खाऊचा वाटा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. म्हणजे लहान कुत्र्याला तुपाची अर्धी पोळी हीच मर्यादा झाली. त्यावर आजोबांचे बिस्कीट, मुलांचा पावाचा तुकडा आणि कामाला येणाऱ्या मावशींची भाकरी जमा झाली की वजन का वाढते, हे वेगळे सांगायला नको.

वजन योग्य आहे का हे पाहण्यास काट्याचीही गरज नाही. बरगड्यांवरून हलकेच हात फिरविला असता त्या बोटांना जाणवाव्यात, वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहिल्यास पोट मागे वर चढत गेलेले दिसावे. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर अन्न कमी करण्याची वेळ झाली आहे.

स्वयंपाकघरातील विषे

आपल्याला निरुपद्रवी असलेले काही नैसर्गिक पदार्थ कुत्र्याला घातक ठरतात. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजविल्याने हा दोष जात नाही. एका किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसू शकतो. रोज थोडा थोडा रस्सा घातल्यानेही तो साचत जातो. लसूण त्याहून तीव्र असतो. पिसवा पळाव्यात म्हणून लसूण चारण्याचा घरगुती उपाय म्हणूनच टाळावा.

द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत निकामी होतात. कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरक्षित मात्रा अशी नाहीच. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा कयास २०२१ साली पुढे आला. चिंचेतही हे आम्ल विपुल असते आणि चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय वाङ्मयात आल्या आहेत. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या आपल्या घरांनी याची विशेष नोंद घ्यावी.

चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. १० किलोच्या कुत्र्याला ४०-५० ग्रॅम गडद चॉकलेटही बाधू शकते. साखरविरहित च्युइंगम व मिठायांतील झायलिटॉल तर त्याहून भयंकर. त्याने रक्तातील साखर तासाभरात धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि यकृतालाही इजा होते. दिवाळीत चकल्या, करंज्या किंवा मटणाची चरबी भरपूर खाल्ल्यावर स्वादुपिंडाचा दाह होऊन उलट्या व पोटदुखी सुरू होणे, हेही अनेकदा घडते. असे काही पोटात गेल्यास मीठ पाजून उलटी करविण्याच्या भानगडीत न पडता, खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

घरचे अन्न योग्य रीतीने

घरी शिजवून घालण्याची इच्छा मुळीच गैर नाही. मात्र अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली पुस्तके व संकेतस्थळांवरील २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक अत्यावश्यक घटक कमी पडत होता. त्यांतील अनेक कृती पशुवैद्यकांनीच दिलेल्या होत्या. तेव्हा रोज वेगवेगळे पदार्थ दिले की आपोआप समतोल साधतो, हा विश्वास पुरेसा नाही.

वर उल्लेखिलेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्यासाठी दिवसाची एक साधी मांडणी अशी होऊ शकते : हाडाविना शिजलेले चिकन १५० ग्रॅम, मऊ शिजलेला भात २०० ग्रॅम, लाल भोपळा, गाजर वा फरसबी अशी शिजवलेली भाजी ८० ते १०० ग्रॅम आणि करडई वा सूर्यफुलाचे तेल दोन लहान चमचे. मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नाही. यातून ऊर्जा व प्रथिने भागतात. अंड्याच्या कवचाच्या पुडीने कॅल्शियम भागते. परंतु ‘ड’ व ‘ई’ जीवनसत्त्वे, जस्त, तांबे, आयोडिन यांची उणीव तरीही राहते. त्यासाठी घरच्या अन्नात मिसळावयाचे खास जीवनसत्त्व-क्षार मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावे लागते. आठवड्यातून एक-दोनदा चिकनऐवजी काटे काढून शिजविलेला बांगडा वा तारली दिल्यास त्वचा व सांध्यांना उपयुक्त अशी ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात. कलेजी आठवड्यातून थोडीशीच द्यावी, कारण तिच्यातील ‘अ’ जीवनसत्त्व साचून अपाय करते.

पिलांना ही मांडणी लागू नाही. सहा महिन्यांपर्यंत त्यांना दिवसातून तीन-चार वेळा आणि वाढीच्या वयासाठी आखलेलेच अन्न हवे. या काळात घरगुती प्रयोग टाळून परिपूर्ण तयार खाद्य देणे बहुतेक कुटुंबांना सोयीचे व सुरक्षित पडते. वृद्ध कुत्र्यांत प्रथिने सरसकट कमी करण्याची गरज नसते. मूत्रपिंडाचा आजार निश्चित झाल्यावरच तसा बदल केला जातो. पोट बिघडलेले असताना मऊ भात व उकडलेले चिकन दोन-तीन दिवस उत्तम. पण तोच आहार महिनोन्‌महिने चालू ठेवणे म्हणजे वर सांगितलेल्या उणिवांना निमंत्रण होय. अन्नात कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा आणि स्वच्छ पाणी सदैव भरलेले असावे.

रस्त्यावरील कुत्र्यांना रोज अन्न घालणारे अनेक सहृदय नागरिक आहेत. त्यांनी ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यांऐवजी भात, उकडलेले अंडे वा चिकन असे साधे अन्न हाडे काढून दिले, तर त्याच खर्चाचा उपयोग अधिक होईल.

कुत्रा स्वतःचे अन्न निवडू शकत नाही. आपण देऊ ते तो आनंदाने खातो आणि त्याचे परिणाम निमूटपणे भोगतो. म्हणून जबाबदारी देणाऱ्याची आहे. नामदेव वाटी घेऊन धावले, कारण कुत्र्याच्या पोळीत काय उणे आहे, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या कुत्र्याच्या भांड्यातही काय उणे आहे आणि काय अधिक झाले आहे, एवढे रोज पाहिले तरी पुष्कळ झाले.